छोट्या विमानावरची खरी धूळ

विलेपार्ले हे दोन विमानतळांच्या मध्ये वसलेले उपनगर. एका बाजूला सांताक्रूझचा मोठा विमानतळ, दुसऱ्या बाजूला जुहूची जुनी धावपट्टी. डोक्यावरून विमान गेले की बोलणे क्षणभर थांबवायचे आणि आवाज ओसरला की वाक्य तिथूनच पुढे सुरू करायचे, ही पार्लेकरांची जुनी सवय. इमारतीच्या पुनर्विकासाची चर्चासुद्धा इथे 'फनेल झोन' या शब्दापाशी येऊन अडखळते. अशा परिसरातल्या एखाद्या घरात काचेच्या कपाटात प्लास्टिकची छोटी विमाने ओळीने मांडलेली दिसली, तर त्यात नवल वाटण्यासारखे काही नाही.

या विमानांचे सुटे भाग परदेशी कंपन्यांच्या खोक्यांतून येतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे, एवढी माहिती बहुतेकांना असते. मात्र रंगकाम संपले की प्रतिकृती पूर्ण झाली, असा एक सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात छंदाचा सर्वांत नाजूक आणि सर्वांत वादग्रस्त भाग तिथेच सुरू होतो. नव्या कोऱ्या रंगाचे विमान मुद्दाम जुने करायचे, त्याच्यावर ऊन, पाऊस, धूर, तेल आणि माणसांच्या पावलांच्या खुणा उमटवायच्या, आणि शेवटी केसासारखे बारीक भाग जागच्या जागी बसवायचे. या प्रक्रियेला छंदिष्ट मंडळी 'वेदरिंग' म्हणतात. मराठीत त्याला हवामानाचा संस्कार म्हणता येईल. दोन-तीन महिन्यांची मेहनत या टप्प्यावर एका संध्याकाळीत जिवंत होते, किंवा एका संध्याकाळीत वाया जाते.

मोजमापाचे गणित

वेदरिंग का करायचे, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर प्रकाशात आहे. खरे विमान मोठे असते. त्याच्या पंखाखाली सावली पडते, पत्र्यांच्या जोडांत अंधार साचतो, लांबून पाहताना मधल्या हवेमुळे रंग किंचित फिका दिसतो. हातभर लांबीच्या प्रतिकृतीवर हे काहीच आपोआप घडत नाही. डबीतला अस्सल रंग तिच्यावर जसाच्या तसा लावला, तर तो गडद आणि सपाट दिसतो, आणि विमान खेळण्यासारखे भासते. म्हणून अनुभवी मंडळी मूळ रंगात थोडा पांढरा किंवा फिका रंग मिसळतात आणि सावल्या रंगानेच निर्माण करतात.

दुसरा प्रश्न प्रमाणाचा. १:७२ हे विमानांच्या प्रतिकृतींचे सर्वांत रूढ प्रमाण. सहा फूट उंचीचा माणूस या प्रमाणात बरोबर एक इंचाचा होतो. याचाच दुसरा अर्थ असा की, प्रतिकृतीवरचा एक मिलिमीटरचा ठिपका खऱ्या विमानावर ७.२ सेंटिमीटरचा होतो. रंग उडाल्याची खूण म्हणून ब्रशच्या टोकाने सहज दिलेला चंदेरी ठिपका म्हणजे खऱ्या विमानावर तळहाताएवढे रंगहीन धातूचे भगदाड! खऱ्या पत्र्यांमधली दोन मिलिमीटरची फट १:७२ मध्ये मिलिमीटरच्या तीन शतांशांहूनही कमी भरते, म्हणजे डोळ्याला दिसणारच नाही. खोक्यातल्या भागांवर कोरलेल्या रेषा मुळातच अतिशयोक्त असतात. त्यांत काळाकुट्ट रंग भरला की विमान फरशी बसवल्यासारखे दिसू लागते. नवशिक्यांच्या कामात ही चूक सर्वाधिक आढळते.

थरांची उतरंड

वेदरिंग ही कला असली तरी तिच्या तळाशी साधे रसायनशास्त्र आहे. एका थरावर दुसरा थर चढवताना वरच्या थरातल्या द्रावकाने खालचा थर विरघळता कामा नये, हा त्यातला मूळ नियम. बाकीचा सगळा क्रम या एका नियमातून निघतो.

मूळ रंग वाळल्यावर प्रथम पारदर्शक चकचकीत लेप दिला जातो. हा लेप सहसा ॲक्रिलिकचा असतो. त्याची दोन कामे. पहिले, चिन्हपट्ट्या म्हणजे डिकल नीट बसावेत. पाण्यात भिजवून सरकवायचे हे पातळ पापुद्रे खडबडीत मॅट रंगावर ठेवले, तर त्यांच्याखाली हवेचे सूक्ष्म बुडबुडे अडकतात आणि कडेला चंदेरी झाक येते. मग तिरंगी वर्तुळ रंगवल्यासारखे न दिसता स्टिकर चिकटवल्यासारखे दिसते. गुळगुळीत पृष्ठभागावर ही अडचण येत नाही. डिकल मऊ करणारे खास द्रावण लावले, तर तो पत्र्याच्या खाचांतही बसतो. लेपाचे दुसरे काम खालच्या रंगाचे रक्षण करण्याचे.

डिकलवर पुन्हा एक लेप देऊन ते बंद केले की 'वॉश'ची पाळी येते. वॉश म्हणजे अत्यंत पातळ केलेला रंग. त्यासाठी परदेशी बाटलीच हवी असे नाही. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी चित्रकारांच्या तैलरंगाची ट्यूब आणि हार्डवेअरच्या दुकानातले मिनरल टर्पेंटाइन एवढ्यावर काम भागते. बर्न्ट अंबर या तपकिरी रंगात थोडा काळा मिसळून चहाच्या पाण्याइतका पातळ करायचा आणि बारीक ब्रशचे टोक रेषेला टेकवायचे. केशाकर्षणाने रंग खाचेतून आपोआप धावत जातो. पंधरा-वीस मिनिटांनी कापसाच्या काडीने किंवा जुन्या सुती कापडाने वरचा रंग पुसून घ्यायचा. पुसण्याची दिशाही ठरलेली असते: विमान उडताना हवा जशी वाहते तशी, म्हणजे नाकाकडून शेपटीकडे. पुसताना मागे राहिलेली पुसट झाक मग डाग न वाटता प्रवासाची खूण वाटते.

इथे टर्पेंटाइन ॲक्रिलिक लेपाला इजा करत नाही, म्हणूनच हे सारे शक्य होते. मूळ रंग इनॅमलचा असेल आणि त्यावर संरक्षक लेप नसेल, तर वॉशबरोबर रंगही पुसला जातो. धोका आणखी एक आहे. टर्पेंटाइन सढळ हाताने वापरले आणि ते ताण असलेल्या सांध्यात झिरपले, तर प्लास्टिक ठिसूळ होते. चाकांचे बारीक पाय अशा वेळी काडीसारखे मोडतात.

वॉशनंतर रंगाचा एकसुरीपणा मोडण्याचे काम. पांढरा, पिवळसर, निळा, तपकिरी अशा तैलरंगांचे सुईच्या टोकाएवढे ठिपके पंखावर द्यायचे आणि टर्पेंटाइनने ओलसर केलेल्या ब्रशने ते मागच्या दिशेला ओढत जवळजवळ नाहीसे करायचे. उरते ती रंगाची केवळ चाहूल. उन्हाने विटलेला हिरवा आणि कालपरवा दुरुस्त केलेला हिरवा यांतला फरक यातूनच दाखवता येतो.

यानंतर मॅट लेप. मॅट लेपाने आधीचे सगळे थर एकजीव होतात. वेगवेगळे वाटणारे डाग एकाच पृष्ठभागाचे वाटू लागतात. धूर आणि मातीची भुकटी याच्या वरच लावायची, कारण भुकटीला धरून ठेवायला खडबडीत पृष्ठभाग लागतो. चित्रकलेच्या सॉफ्ट पेस्टलची कांडी घासकागदावर घासली की हवी तेवढी भुकटी मिळते. आणि तेलाची, इंधनाची ताजी गळती सर्वांत शेवटी, कारण ती चकाकली पाहिजे. आधी दाखवलेली गळती मॅट लेपाखाली कोरडी पडते, आणि कोरडे तेल कोणालाही पटत नाही.

डागाला कारण हवे

तंत्र महिन्याभरात शिकता येते. वेळ लागतो तो डाग नेमका कुठे पडतो हे कळायला. उभ्या विमानावरून पावसाचे पाणी सरळ खाली ओघळते, तर उडत्या विमानावरचे तेल मागे ओढले जाते. यांत्रिक जिथे पाय देऊन चढतात, तिथे पंखाच्या मुळाशी रंग झिजतो. जी झाकणे रोज उघडली जातात त्यांच्या कडा आणि स्क्रू उजळतात, जी वर्षातून एकदा उघडतात त्यांच्या उजळत नाहीत. तोफेच्या तोंडापाशी काजळी येते, पण ती तोफ झाडलेल्या विमानावरच. टायर कधीही शुद्ध काळे नसतात. ते गडद राखाडी असतात, जमिनीला टेकलेल्या जागी किंचित चपटे झालेले असतात आणि त्यांच्यावर त्या त्या धावपट्टीची माती असते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विमान कशाचे बनले आहे, हे माहीत हवे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर भारतीय वैमानिकांनी वापरलेल्या हरिकेन विमानाच्या धडाचा मागचा भाग कापडाने मढवलेला असे. कापडावरचा रंग विटतो, मळतो, फाटतो. पण त्याच्याखालून चंदेरी धातू चमकत नाही, कारण तिथे धातूचा पत्राच नसतो. लाकडी मॉस्किटोच्या पंखावर चंदेरी ओरखडे काढणे हाही तसाच अपराध. प्रतिकृतींच्या स्पर्धांत असे विमान दुरून देखणे दिसते आणि जवळ गेल्यावर जाणकारांचा भ्रमनिरास करते.

जुहूची माती, नाशिकचा धातू

पार्ल्याच्या शेजारचेच उदाहरण घ्यायचे तर १५ ऑक्टोबर १९३२ या तारखेकडे जावे लागते. त्या दिवशी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन डी हॅविलँड पस मॉथ हे छोटे विमान अहमदाबादमार्गे जुहूला उतरवले आणि भारतीय नागरी हवाई वाहतुकीचा पाया घातला गेला. पुढचा मद्रासपर्यंतचा प्रवास नेव्हिल व्हिन्सेंट यांनी केला. या विमानाची प्रतिकृती करणाऱ्यापुढे प्रश्न उभा राहतो: त्याच्यावर कोणते डाग असतील?

पस मॉथचे धड पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड मढवून केलेले होते. त्यामुळे चंदेरी ओरखड्यांना तिथे वाव नाही. अहमदाबादला इंधन बैलगाडीतून डब्यांनी आणले गेले, असे त्या उड्डाणाच्या वर्णनात येते. डब्याने ओतलेले पेट्रोल थोडे तरी सांडणार. म्हणजे टाकीच्या झाकणाभोवती इंधनाने धुतला गेलेला, किंचित उजळ ओघळ शोभून दिसेल. जुहूचे मैदान तेव्हा समुद्राला लागून होते आणि पावसाळ्यात ते निरुपयोगी होत असल्याने टपालसेवा त्या काळात पुण्याहून चालवावी लागे. चाकांवर आणि पोटाखाली धुळीची, चिखलाची पिवळट-राखाडी झाक हवी ती याच कारणाने. तपशिलाचा आणखी एक गंमतीचा भाग असा की, या विमानाच्या चाकांच्या आधारदांड्यांवरची आवरणे आडवी फिरवून हवेचा ब्रेक म्हणून वापरता येत. ती सरळ ठेवायची की आडवी, यावरून विमान उड्डाणाला निघाले आहे की नुकतेच उतरले आहे, हे बघणाऱ्याला सांगता येते.

दुसरे उदाहरण मिग-२१ चे. हवाई दलात १९६३ मध्ये दाखल झालेले आणि पुढे नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बांधलेले हे लढाऊ विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निवृत्त झाले. सुरुवातीची मिग विमाने उघड्या धातूचीच असत. १९७१ च्या युद्धाच्या सुमारास त्यांच्या अंगावर घाईने छद्मरंग चढवण्यात आले आणि निरनिराळ्या स्क्वाड्रनांनी ते आपापल्या परीने केले. परिणामी एकाच जातीच्या विमानांवर वेगवेगळ्या तऱ्हा दिसतात आणि झिजलेल्या रंगाखालून धातू डोकावतो.

प्रतिकृतीत हे दाखवण्याची एक युक्ती केसांच्या स्प्रेची आहे. आधी चंदेरी रंग, त्यावर संरक्षक लेप, त्यावर केसांवर मारतात तो साधा हेअर स्प्रे आणि सर्वांत वर पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक हिरवा रंग. तो वाळल्यावर लगेचच ओल्या, ताठ ब्रशने घासले की खालचा स्प्रे विरघळतो आणि हिरवा रंग कडांवरून टवके उडाल्यासारखा सुटतो. खऱ्या विमानावर जे घडले तेच इथे लहान प्रमाणात घडते. म्हणूनच त्याला खोटेपणाचा वास येत नाही. मात्र त्याच मिगच्या नाकातला शंकू आणि शेपटीचे टोक धातूचे नसते. रडार आणि रेडिओच्या लहरी आरपार जाव्यात म्हणून ते भाग निराळ्या पदार्थाचे केलेले असतात. तिथे चंदेरी टवका काढला की सगळा अभ्यास उघडा पडतो.

तिसरे उदाहरण नौदलाच्या सी हॉक विमानाचे. 'आयएनएस विक्रांत'वरून याच विमानांनी डिसेंबर १९७१ मध्ये कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. ही विमाने समुद्रावर राहत. खाऱ्या हवेत धातू गंजतो, म्हणून नाविक यांत्रिक गंजाची जागा दिसली की लगेच तिथे रंगाचा हात मारतात. त्यामुळे नौदलाच्या विमानावर टवके कमी आणि किंचित वेगळ्या छटेची ठिगळे अधिक दिसली पाहिजेत. शिवाय सी हॉकच्या इंजिनाचा धूर शेपटीतून बाहेर पडत नाही. तो दुभागून दोन्ही पंखांच्या मुळापाशी बाहेर पडतो. सवयीने शेपटीच्या टोकाला काजळी फासणाऱ्याने छायाचित्र पाहिलेच नाही, असे खुशाल समजावे.

प्रवासी विमानाचे शास्त्र याच्या अगदी उलट. ते नियमित धुतले जाते आणि त्याची स्वच्छता ही कंपनीच्या प्रतिष्ठेची बाब असते. एअर इंडियाच्या जंबो जेटची प्रतिकृती करताना खिडक्यांभोवतीच्या लाल झरोक्यांची नक्षी अचूक बसवण्यातच निम्मी शक्ती खर्च होते. वेदरिंग म्हणून इंजिनांच्या मागच्या बाजूला उष्णतेची हलकी झाक, पोटाखाली थोडा राखाडी रंग आणि पंखांच्या हलत्या भागांजवळ तेलाच्या एक-दोन पुसट रेषा एवढे पुरते. कंपनीचे शेवटचे ७४७ विमान २२ एप्रिल २०२४ रोजी मुंबईहून कायमचे निघून गेले. ज्यांनी ते वर्षानुवर्षे डोक्यावरून जाताना पाहिले, त्यांना त्याच्यावर जादा डाग रुचणार नाहीत.

संग्रहालयातला चकवा

खरे विमान पाहून काम करावे, हा सल्ला योग्यच आहे. मुंबईकरांना त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात मरुत हे भारतात घडवलेले लढाऊ विमान उभे आहे. १९६१ मध्ये प्रथम उडालेल्या या विमानाचे आरेखन जर्मन अभियंते कुर्ट टांक यांच्या नेतृत्वाखाली झाले होते. गोव्यात वास्कोजवळच्या नौदल हवाई संग्रहालयात सी हॉक, अलिझे आणि सी हॅरियर जवळून पाहता येतात. पत्र्यांचे जोड, चाकांच्या कप्प्यातल्या नळ्या, अँटेनांच्या जागा यांसाठी या विमानांसारखा गुरू नाही.

पण रंगाच्या आणि डागांच्या बाबतीत हाच गुरू दिशाभूल करतो. उघड्यावर ठेवलेल्या विमानाने वर्षानुवर्षांचा पावसाळा झेललेला असतो, त्याच्यावर नंतर कुणीतरी रंगाचे नवे हात दिलेले असतात, त्याचे टायर बसलेले असतात. ही झीज निवृत्तीनंतरची आहे. सेवेत असताना विमान कसे दिसत होते, हे सांगण्याचे सामर्थ्य फक्त त्या काळच्या छायाचित्रात असते, आणि तेही नेमक्या त्याच क्रमांकाच्या विमानाच्या. म्हणून आकारासाठी संग्रहालय आणि रंगासाठी जुने छायाचित्र, अशी विभागणी जाणकार करतात. कृष्णधवल छायाचित्रातूनही उजळ-गडद भाग, ठिगळे आणि ओघळांची दिशा पुरेशी कळते.

मुंबईची हवा आणि घरातली जागा

परदेशी पुस्तकांत आणि चित्रफितींत एक अडचण फारशी येत नाही, ती मुंबईच्या पावसाळ्याची. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर रेंगाळते. लॅकरसारखा झटकन उडून जाणारा लेप फवारला की द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर दवासारखी जमते आणि लेपात अडकून पांढुरके धुके तयार होते. महिन्यांचे काम डोळ्यांदेखत दुधाळ होते. म्हणून पारदर्शक लेपासाठी कोरडा दिवस निवडावा, वातानुकूलित खोली असेल तर तिथली कोरडी हवा उपयोगी पडते, आणि लेप एकदम जाड न देता पातळ थरांत द्यावा. संथ वाळणारा द्रावक मिसळल्यानेही धुके टळते. पावसाळ्याचे चार महिने कापणे, घासणे, जुळवणे यांत घालवायचे आणि शेवटचा हात दिवाळीच्या आसपास फिरवायचा, हा मुंबईतला शहाणपणाचा मार्ग. तैलरंगही दमट हवेत सावकाश वाळतात. एक दिवस पुरेल असे पुस्तकात लिहिले असेल, तर इथे तीन दिवस धरावेत.

जागेचा प्रश्नही खराच. दीड-दोन खोल्यांच्या घरात स्वयंपाकघराच्या ओट्यावर किंवा खिडकीच्या कट्ट्यावर काम चालते. टर्पेंटाइन, थिनर आणि लॅकरच्या वाफा फुप्फुसांना घातक आणि ज्वलनशील असतात. गॅस चालू असलेल्या खोलीत त्यांची बाटली उघडणे म्हणजे संकटाला आमंत्रण. खिडकी उघडी हवी, वाफा बाहेर फेकणारा पंखा हवा आणि फवारताना कार्बन फिल्टरचा मास्क हवा. साधा कापडी मास्क वाफा अडवत नाही. पेस्टलची भुकटी आणि घासलेल्या प्लास्टिकची धूळ यांनाही हाच नियम लागू आहे.

शेवटचे नाजूक भाग

अँटेना, नाकापुढची हवेचा वेग मोजणारी पिटोट नळी, चाकांच्या कप्प्यांची झाकणे, दिवे आणि वैमानिकाच्या डोक्यावरची काच हे भाग अगदी शेवटी बसवायचे असतात. खोक्यातल्या माहितीपत्रकात ते मध्येच कुठेतरी दाखवलेले असतात. ते मनावर घेतले, तर वॉश पुसताना हमखास मोडतात. मोडलेल्या प्लास्टिकच्या पिटोट नळीऐवजी इंजेक्शनची सुई किंवा पितळेची बारीक नळी वापरली, तर ती अधिक रेखीव दिसते.

जुन्या विमानांच्या रेडिओची तार करण्याची पद्धत मोठी मजेशीर आहे. सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात, तिचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीपासून अंतर राखून गरम करायचा. तो मऊ झाला की दोन्ही टोके हळूहळू ओढायची. साखरेच्या पाकाची तार निघावी तसा केसापेक्षा बारीक धागा निघतो. १:७२ मध्ये ०.०५ मिलिमीटरचा धागा खऱ्या विमानावरच्या साडेतीन मिलिमीटर तारेएवढा होतो. त्याहून जाड धागा विमानाला कपडे वाळवायच्या दोरीची कळा आणतो. अर्थात, हे काम करताना टर्पेंटाइनच्या बाटल्या दुसऱ्या खोलीत हव्यात.

काच बसवण्यासाठी फेविकॉलसारखा पांढरा गोंद सर्वांत उत्तम. तो वाळल्यावर पारदर्शक होतो आणि सांडला तर ओल्या काडीने पुसता येतो. झटपट चिकटणाऱ्या सायनोॲक्रिलेट गोंदाची वाफ मात्र काचेवर पांढरा थर धरते. पंखांच्या टोकांचे दिवे डाव्या बाजूला लाल आणि उजव्या बाजूला हिरवे. आधी चंदेरी ठिपका, त्यावर पारदर्शक रंगाचा थेंब दिला की दिव्याला खोली येते. काचेवरची मास्किंग टेप सर्वांत शेवटी काढायची. धूसर झालेले विमान त्या क्षणी डोळे उघडल्यासारखे दिसते.

किती म्हणजे पुरे?

वेदरिंगच्या प्रमाणावर जगभरातल्या छंदिष्टांत दोन तट आहेत. बेल्जियमचे फ्रांस्वा व्हर्लिंडेन यांनी वॉश आणि कोरड्या ब्रशच्या तंत्राला लोकप्रियता मिळवून दिली, त्याला आता काही दशके लोटली. पुढे स्पेनमधल्या कारागिरांनी छाया-प्रकाशाचा विरोध आणखी ठळक केला. एका तटाचे म्हणणे असे की, प्रतिकृती हे चित्र आहे. चित्रकार जसा सावली गडद करतो, तसा अधिकार तिच्या कर्त्यालाही आहे. दुसरा तट म्हणतो, प्रतिकृती ही नोंद आहे. खऱ्या विमानावर जे नव्हते ते तिच्यावर असता कामा नये.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. थोडी अतिशयोक्ती केल्याशिवाय लहान वस्तूवर काहीच दिसत नाही, हे खरे. पण अतिशयोक्ती कशाची करायची, हे विमानाच्या इतिहासाने ठरवायचे असते, हातातल्या बाटलीने नव्हे. व्यवहारात उपयोगी पडणारी कसोटी सोपी आहे. प्रत्येक डागाकडे बोट दाखवून 'हा इथे कसा आला?' असे विचारावे. उत्तर मिळाले तर डाग ठेवावा, न मिळाले तर टर्पेंटाइनच्या काडीने पुसून टाकावा. तैलरंग ओला असेतोवर ही मुभा असते. लेप चढला की संपते. म्हणूनच प्रत्येक नवे तंत्र आधी एखाद्या बिघडलेल्या जुन्या विमानावर आजमावून पाहावे, आणि रात्री उशिरा 'आणखी थोडे' असे वाटू लागले की ब्रश खाली ठेवून सकाळच्या उजेडात पुन्हा पाहावे.

हा काटेकोरपणा वरवर पाहता रिकामटेकडा वाटेल. पण १९७१ मध्ये लढलेली मिग विमाने आता उडत नाहीत, सी हॉक संग्रहालयात गेले आणि ज्या 'विक्रांत'वरून ते झेपावले, ती काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून राहून २०१४ मध्ये भंगारात निघाली. पस मॉथ जुहूला उतरल्याला २०३२ मध्ये शंभर वर्षे होतील. ती विमाने कशी दिसत, हे पुढच्या पिढीतल्या एखाद्या मुलाला कुणाच्या तरी कपाटातल्या सहा इंची प्रतिकृतीवरूनच प्रथम कळणार आहे. तिच्या चाकांवरची माती योग्य रंगाची असेल, तर त्याला जुहूचे मैदान कसे होते हेही कळेल.